काहिलीपासून बांधापर्यंत

जोतिबाच्या डोंगरावरून उतरताना उसाच्या फडामागे गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि मी एस.टी. सोडून दिली. तेव्हा मोबाईल ही पुण्यातसुद्धा मिरवायची वस्तू होती. मी तर शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून मिरवत होतो.

"या पावणं, रस घ्या की," म्हणत मालकांनी तांब्या पुढे केला. मागोमाग गरम काकवी आली.

काहिलीपाशी (रस उकळायची मोठी कढई) दत्तूमामा उभे होते. ते गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारे कारागीर. पाकाचा थेंब पाण्यात टाकून ते गोळी वळून बघत. त्यांनी "उतरा" म्हटल्याशिवाय काहिलीला कुणी हात लावत नसे.

बोलता बोलता कळलं, मामांची मुलगी गडहिंग्लजला दिलेली, चार महिने तिचा आवाज ऐकलेला नाही. जावयाच्या नव्या मोबाईलचा नंबर चिठ्ठीवर होता. मी चिठ्ठी मागून घेतली.

"आत्ता नगं. पाक जवळ आलाय. मागनं बगू."

"मामा, एक मिनिटाचं काम."

मी नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरलासुद्धा. मामा "हॅलो" म्हणाले. पलीकडून "आबा?" ऐकू आलं आणि मामांचा चेहराच बदलला. रेंज नीट येईना, म्हणून मी हाताला धरून त्यांना बांधापर्यंत नेलं. आपण किती मोठं पुण्य करतोय असं मला वाटत होतं.

करपल्याचा वास आला तसे मामा फोन माझ्या हातात कोंबून धावले. अख्खी काहील काळी पडली होती.

"इतकी वर्सं गुळव्या हाय न्हवं तुमी? ध्यान कुटं हुतं?" मालक कडाडले.

"चुकलं मालक. माजंच ध्यान न्हवतं." मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

चूक माझी आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. मी बुटांकडे बघत राहिलो. मालकांनी मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं आणि मला, पाहुणा म्हणून, चांगला गूळ बांधून दिला. निर्लज्जासारखा मी तो घेतला.

परतीच्या गाडीत फोन वाजला. मामांची मुलगी होती.

"आबांस्नी द्या की जरा. बोलनं अर्धंच ऱ्हायलं."

"ते कामात आहेत," मी खोटं बोललो.

"व्हय? मग ऱ्हाऊ द्या. काहिलीम्होरं असताना त्येंना हाक मारू नये."

घरी मी डोंगराचं, काकवीचं भरभरून वर्णन केलं. गुळाच्या पुड्यावर मालकांचा फोन नंबर छापलेला होता. खरं काय घडलं ते सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी तो नंबर कधीच लावला नाही.