राईतली बारीक झाडं

केदारखेड्याच्या पुढं ओढ्याकाठी देवीची जुनी राई आहे. देवीच्या धाकानं तिथं कुणी कुऱ्हाड नेत नाही. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो तेव्हापासून मी आणि बायको दर हिवाळ्यात तिथली झाडं मोजायचो. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर घ्यायचा, झाडाचं नाव आणि आकडा वहीत उतरवायचा. टेपचं एक टोक ती धरायची. ती वारल्यावर दोन हिवाळे मी घराबाहेर पडलोच नाही. तिसऱ्या वर्षी एकटाच गेलो.

पहिलीच चिंच कवेत मावेना. टेपचं टोक सालीच्या भेगेत खोचून बुंध्याला फेरी मारावी, तर ते सुटून पडायचं. चौथ्यांदा पडलं तेव्हा मी खाली बसलो.

"काय करून राह्यले सर?" शेळ्या चारणारी एक म्हातारी कधीची बघत उभी असावी.

"झाडाचा घेर मोजतोय."

"एकट्यानं कुठं होतंय? द्या इकडं."

दुपारपर्यंत चिंचा, करंज, अंजन, दोन वड मोजून झाले. भाकर खाताना मी म्हणालो, "सगळी जाडजूडच झाडं आहेत. मनगटाएवढं एकही नाही. ही पडली की राई संपली."

तिनं शेळ्यांकडं पाहिलं. "उगवतं की सर, पावसाळ्यात लई उगवतं. माह्या शेळ्याच खात्यात."

निघताना तिनं विचारलं, "घरी कोण हाये?"

"कुणी नाही."

"मलाबी न्हाई," म्हणत ती शेळ्यांमागं गेली.

पुढच्या हिवाळ्यात राईत जागोजागी बोरीच्या काट्यांची कुंपणं दिसली. आत करंजाची, अंजनाची रोपं होती, काही गुडघ्याएवढी. मी तिला हाका मारल्या. ओढ्यापलीकडच्या शेतातला माणूस बांधावर आला.

"ती भादव्यात गेली सर. पावसाळाभर शेळ्या माळावर नेल्या, इकडं बिलकुल येऊ देल्या न्हाईत. काटे एकटीच वढून आणायची."

मी वाकून एकेक रोप मोजलं. एका कुंपणात रोप वाळून गेलेलं होतं. तिथले काटेही मी हलवले नाहीत.

जालन्याच्या एसटीत शेजारच्या माणसाला मी आपणहून सांगितलं, "आज बेचाळीस रोपं मोजली."

"बरं," तो म्हणाला आणि मोबाइल बघू लागला.