डाव्या पायाची लक्ष्मी

जयवंतीवहिनींशी माझं भांडण जुनं आहे, आणि ते खिरापतीवरून आहे. ते आधी सांगते, म्हणजे पुढे इटलीत काय झालं ते नीट कळेल.

इथे सिंगापुरात, सेम्बावांगला त्यांच्या घरी दर वर्षी गणपती बसतो. आम्ही यिशुनला, एमआरटीने म्हणजे इथल्या मेट्रोने एकच स्टेशन, त्यामुळे आरती चुकवायला सबब नाही. त्यांचे यजमान विलासदादा आयुष्यभर बोटींवर मरीन इंजिनियर होते, आता इथल्या शिपयार्डात आहेत. ते आरती म्हणतात तीसुद्धा इंजिन चालू असताना हाक मारावी तशी. आरती संपली की वहिनी खिरापतीचा डबा घेऊन सगळ्यांसमोर उभ्या. माझी गार्गी डावखुरी. ती सवयीने डावा हात पुढे करायची, आणि वहिनींची चिमूट वरच्या वर थांबायची.

"हात कुठला?"

पोर हात बदलायची. एकदा मात्र ती म्हणाली, "बट आय ॲम अ लेफ्टी, काकू!" त्यावर चारचौघांत उत्तर मिळालं, "देवापुढे लेफ्टी-बिफ्टी काही नसतं. उजवा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा नवरा प्रबोध माझं कोपर धरून उभा होता म्हणून, नाहीतर त्या दिवशी मी विघ्नहर्त्यासमोरच विघ्न आणलं असतं.

पण बाई म्हणून बघाल तर वाघीण. साठीला आलेल्या, ठेंगण्या, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. लग्नानंतर विलासदादांबरोबर बोटीवरून अर्धं जग हिंडल्या आणि प्रत्येक बंदरात कोथिंबीर मागून आल्या. सेम्बावांगच्या बाजारातला मासेवाला चिनी म्हातारा त्यांना लांबून बघूनच पापलेटाचे कल्ले उघडून दाखवतो. आणि रांगोळी! इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत हॉलच्या दाराशी वहिनींचा गालिचा पडला की लोक भिंतीला चिकटून आत शिरायचे. चिमटीतून रेघ अशी सुटायची की मध्ये एकदाही तुटायची नाही.

त्या दिवाळीत, म्हणजे २०१५च्या, ती तुटली. गेल्या वर्षभरात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, काही गंभीर नाही, पण जाणारही नाही. वहिनींनी फक्त पहिला अर्धा भाग ऐकला. भर हॉलमध्ये कमळाची पाकळी नागमोडी गेली, पुसली, पुन्हा गेली. माझ्या मैत्रिणीने, ऋताने, मनात काही नसताना म्हटलं, "वहिनी, डाव्या हाताने जमतंय का बघा ना."

"शुभकार्य डाव्या हाताने? आणि तेही लक्ष्मीपूजनाचं?" वहिनींनी ओलं फडकं घेतलं, सगळी रांगोळी पुसून काढली आणि जाहीर केलं, "पुरे. रांगोळी सोडली मी." त्यानंतर त्यांच्या स्वतःच्या दारातही रांगोळी दिसली नाही. विलासदादा एकदा प्रबोधला म्हणाले, "घर सुतकात असल्यासारखं वाटतं रे."

तर आता इटली. मी वन-नॉर्थला एका कंपनीत टीम सांभाळते. माणसं सांभाळून डोकं उठलं की मला हाताने काहीतरी करावंसं वाटतं. इटलीत रावेन्नाजवळच्या एका शेतघरात आठवडाभर राहून मोझेइक शिकायचं, अशी सहल मी आणि ऋताने ठरवली. मोझेइक म्हणजे रंगीत दगडांचे बारीक तुकडे एकाशेजारी एक बसवून केलेलं चित्र. जूनची सुट्टी, व्हिसा, तिकिटं, सगळं झालं आणि ऋताची रजा रद्द झाली. रिकाम्या जागेचं काय करायचं यावर प्रबोध शांतपणे म्हणाला, "जयवंतीवहिनींना घेऊन जा."

"काय? त्या बाईला? एका खोलीत?"

"त्यांना हाताला काहीतरी काम हवंय. आणि दगड काही सांडत नाहीत."

हे वाक्य मला खोडता येईना. वहिनी एका फोनमध्ये तयार झाल्या. "दगडच ना? पाट्यावर वाटलंय मी, दगडाला काय भ्यायचं!" विमानात त्यांनी मला सांगून टाकलं की त्या घरच्या दारासाठी लक्ष्मीची पावलं करणार. एकदा सिमेंटात बसवली की रोज काढायला नको, पुसायला नको. "हात राहो न राहो, दारात लक्ष्मी राहील." हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की त्यामागची भीती मला उतरल्यावर, सामान घेताना कळली.

शेतघर सुरेख होतं. जर्दाळूची झाडं, विटांचा गोठा, त्या गोठ्यात आमची लांब टेबलं. शिकवणारी लॉरेदाना पन्नाशीची, केस वर बांधलेले, इंग्रजी तोडकंमोडकं पण जोर भरपूर. पहिल्याच सकाळी तिने चुलीवर पातेलं ठेवून पिठाचा चिकट घोळ शिजवला. दगड आधी कागदावर याने चिकटवायचे.

"अगं विनीता, ही तर खळ!" वहिनी मला म्हणाल्या आणि त्यांनी लॉरेदानाच्या हातातून पळी घेतली. "गुठळ्या होतायत तुझ्या. सर." त्या दिवसापासून खळ शिजवायचं खातं वहिनींकडे गेलं आणि लॉरेदाना सगळ्यांना 'खला, खला' म्हणू लागली.

पद्धत अशी होती: दगड कागदावर पालथे चिकटवायचे, वरून सिमेंट ओतायचं, ते सुकलं की अख्खी लादी उलटी करून कागद भिजवून सोलायचा. म्हणजे आपण जे केलं त्याचं आरशातलं रूप समोर येणार. म्हणून मूळ चित्रच तसं काढायचं. लॉरेदाना ओरडत होती, "रिव्हर्स! ऑल रिव्हर्स!" वहिनींनी मला विचारलं, "काय म्हणतेय?" मी माझ्या चित्रातल्या माशाच्या शेपटीत गुंतले होते. म्हटलं, "चित्र उलटं काढा म्हणतेय." आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

पण खरी अडचण आधी दगड फोडण्यात आली. लाकडाच्या ओंडक्यात छिन्नी रोवलेली, तिच्या धारेवर दगड धरायचा आणि वर हातोडी मारायची. वहिनींनी हातोडी अर्थात उजव्या हातात घेतली. पहिला घाव ओंडक्यावर, दुसरा हवेत, तिसरा डाव्या अंगठ्यावर. "दांडा लांब आहे मेला," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दांडा आखूड झाला, तिसऱ्या दिवशी दगड हलक्या जातीचा निघाला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एप्रन काढून घडी घातली आणि म्हणाल्या, "मी आपली खळ करीन. तुमचं चालू दे."

त्या असं म्हणाल्या आणि माझं डोकं फिरलं. जर्दाळूच्या झाडाखाली, सगळे जेवत असताना, मी मराठीत सुरू झाले. "सात महिने रांगोळी सोडून बसलात, आता दगडही सोडा! डावा हात काय ओवळा आहे का तुमचा?"

"हे देवाचं काम आहे, विनीता."

"मग देवाने डावा हात कशाला दिला? माझ्या गार्गीला काय टाकून द्यायला दिला? दर गणपतीला पोर रडवेली होते, ठाऊक आहे? तुमच्या घरी यायच्या आदल्या दिवशी उजव्या हाताने पाणी प्यायची प्रॅक्टिस करते ती!"

शेजारी बसलेल्या, आमच्याच वर्गातल्या जर्मन बाई पाव हातात धरून आमच्याकडे बघत राहिल्या. वहिनींनी एप्रनची घडी पुन्हा एकदा सारखी केली. मी माझं ताट उचललं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात आले तर ठक, ठक, ठक असा एकसारखा आवाज. वहिनींनी हातोडी डाव्या हातात घेतली होती. उजवा हात मनगटापासून ओंडक्यावर टेकवला होता. टेकला की तो कमी थरथरायचा. दगड सरळ दोन तुकडे होऊन पडत होते. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "हे दगड फोडणं आहे. फोडणं शुभ नसतंच मुळी. ते डाव्याने चालतं."

"आणि चिकटवणं?"

"त्याचा मी विचार केलाय."

विचार असा होता: प्रत्येक तुकडा आधी उजव्या हाताने उचलायचा, म्हणजे मान उजव्याचा. मग तो डाव्याच्या हवाली करायचा आणि डाव्याने खळीत बसवायचा. प्रत्येक तुकडा! लॉरेदाना बघतच राहिली. तिला वाटलं ही भारतातली जुनी पद्धत असेल, आणि तिने आदराने वहिनींच्या हातांचा फोटो काढला. मला हसू आवरेना. वहिनीही हसल्या, पण हात थांबला नाही. तो डावा हात दगड ठेवताना जरासुद्धा हलत नव्हता. संध्याकाळपर्यंत लाल दगडांची एक टाच पुरी झाली आणि वहिनी तिच्याकडे किती तरी वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "साठ वर्षं हा हात नुसता बांगड्या घालून बसला होता गं."

शेवटच्या दिवशी लाद्या उलटायच्या होत्या. माझा मासा बरा निघाला, एक डोळा बाहेर आला एवढंच. मग सगळे वहिनींच्या टेबलाभोवती जमले. लॉरेदानाने भिजलेला कागद हलक्या हाताने सोलला आणि गोठ्यात 'बेल्ला, बेल्ला' सुरू झालं. पांढऱ्या दगडांत दोन लाल पावलं, बोटं मोत्यासारखी, एक पुढे, एक मागे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"विनीता. पुढे कुठलं पाऊल आहे?"

मी अंगठा बघितला. डावं पुढे होतं.

आमच्यात लक्ष्मी काय आणि नवी सून काय, घरात यायची ती उजवं पाऊल टाकून. वहिनींनी चित्र बरोबर काढलं होतं, उजवं पुढे. 'उलटं' म्हटल्यावर त्यांनी कागद फिरवून पावलांची टोकं स्वतःकडे केली होती, पाहुण्याला ताट वाढताना फिरवावं तशी. कागद फिरवून डाव्याचं उजवं होत नाही. लॉरेदाना येताजाता बघत होती, पण तिला ती दोन पावलं होती, एवढंच. तिने चुकून अक्षर सुलटं काढणाऱ्या जर्मन बाईंना मात्र बरोबर पकडलं होतं.

"उलटं म्हणालीस ना तू? काढलं ना मी उलटं!" वहिनींचा आवाज चढला. "आता ही काय लक्ष्मी म्हणायची? उलट्या पावलांची तर हडळ असते!"

"हडळीची टाच पुढे असते, वहिनी. हिची बोटंच पुढे आहेत."

एरवी या उत्तरावर त्यांनी मला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली. सिंगापूरपर्यंत लादी त्यांनी वर्तमानपत्रात आणि दोन साड्यांत गुंडाळून मांडीवर आणली, पण तिच्याविषयी एक शब्द काढला नाही. पुढे महिनाभर विलासदादा सांगत होते की ती अजून तशीच चपलांच्या कपाटामागे उभी आहे, उघडलेली नाही. मला मनातून फार वाईट वाटलं. हात परत मिळाला होता, आणि तोच एका पावलापायी पुन्हा जाणार होता.

सप्टेंबरात गणपती आले. जाताना एमआरटीत गार्गी उजवी मूठ उघडत-मिटत होती. आम्ही लिफ्टमधून बाहेर पडलो आणि मी कॉरिडॉरमध्येच थबकले.

दारात रांगोळी होती. कमळं, वेल, कोपऱ्यात कोयऱ्या; पूर्वीसारखी कोरीव नव्हती, एका वेलीने वळण जरा लांबवलं होतं, पण रेघ कुठे तुटलेली नव्हती. तिच्या मधोमध उंबरठ्याला लागून ती लादी, हळदकुंकू वाहिलेली, डावं पाऊल पुढे टाकून घरात निघालेली.

दारात वहिनी उभ्या होत्या. "काय बघतेस? मीच काढली. दुसरं कोण काढणार?"

मी काही विचारायच्या आत त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला. बोटं रांगोळीने पांढरी झाली होती.

"आणि लक्ष्मी?" मी विचारलं.

"ती आली ना? मग झालं तर. दारात आलेल्या बाईला पाय बदलून ये म्हणू का मी?"

आरती झाली. विलासदादांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. वहिनी खिरापतीचा डबा घेऊन पुढे आल्या. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या चिमटीतून निम्मं खोबरं जमिनीवर गेलं होतं, आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं होतं. गार्गीची पाळी आली. तिने डावा हात पाठीमागे लपवला आणि उजवा पुढे केला.

वहिनींची चिमूट वरच्या वर थांबली.

"हात कुठला?"

"राइट हँड लाह, काकू," गार्गी घाबरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "धिस इज राइट!"

"तो नव्हे," वहिनी म्हणाल्या. "तुझा."

गार्गीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने हळूच पाठीमागचा हात पुढे आणला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की वहिनींनी डबा उजव्या काखेत धरला होता आणि चिमूट डाव्या हाताची होती. त्या हातातून या हातात खिरापत पडली. एक कणही सांडला नाही.