माहेरचं खाचर

कोळवण खोऱ्यात पत्रं वाटणाऱ्या एकनाथमामांनी वीस वर्षांत एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी नेली नाही. कुणाची मुलगी परत येणार, कुणाच्या मुलाने नोकरी सोडली, सगळं त्यांना आधी कळायचं, कारण निम्म्या घरांत पत्र तेच वाचून दाखवायचे. पण कुणी खोदून विचारलं की "मला काय ठावं?" म्हणायचे आणि सायकलवर टांग मारायचे. अशा माणसाच्या हातून हे व्हावं, आणि तेही माझ्या दुकानात बसून, याचा मला अजून राग येतो. त्यांचा येतो आणि त्यांच्यापेक्षा जास्त माझा येतो.

माझं दुकान पौडला, तहसील कचेरीच्या समोर. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि झेरॉक्सचं मशीन. २००७च्या दिवाळीनंतर मामा पहिल्यांदा आले ते बडोद्याला नोकरी करणाऱ्या मुलाला, निषादला, ईमेल पाठवायला. मी त्यांचं खातं उघडून दिलं, तर म्हणाले, "गौतमे, ह्ये फुकाट कसं काय देत्यात गं? तिकीट न्हाई, शिक्का न्हाई, आन् पत्र पोचतंय?" मग मलाच चेव चढला. मी दाखवलं की ब्लॉगसुद्धा फुकट, फोटो ठेवायला जागा फुकट, इंग्रजी अक्षरं दाबली की आपोआप मराठी उमटतं तेही फुकट. एका दुपारी त्यांचा ब्लॉग उभा राहिला. हो, मीच त्यांना नादी लावलं.

त्यांना काय लिहायचं ते पक्कं ठाऊक होतं. लावणीच्या दिवसांत माणसं घरी सापडत नाहीत, पत्र द्यायचं तर बांधावर जावं लागतं. त्यामुळे खोऱ्यातलं प्रत्येक भातखाचर मामांना नावाने माहीत होतं. बेडकीचं खाचर, रुसलेल्या सुनेचं, तीन भावांचं. आता शहरातले लोक जमिनी घेत होते, तारेचं कुंपण घालून इंग्रजी पाट्या लावत होते, आणि नावं मरत चालली होती. मामा दर रविवारी एका खाचराविषयी लिहायचे. वर मोबाईलने काढलेला एक फोटो, खाली दहा-पंधरा ओळी. बोलायचे मावळी, पण लिहायचे अगदी शुद्ध, शाळेत शाबासकी मिळवायला लिहिल्यासारखं.

खाली प्रतिक्रिया यायच्या. नागपूरहून, दुबईहून, एक बाई तर कॅनडाहून लिहायची. मामा त्या दोनदोनदा वाचायचे.

"यात लोकांची नावं आहेत मामा," मी एकदा म्हटलं होतं. अगदीच नव्हतं म्हटलं असं नाही.

"अगं, हितलं कोन वाचतंय?"

ते खरंच होतं. कोळवणात कुणाकडे इंटरनेट नव्हतं. आणि लिहिलेलं लांबच जातं, हा मामांचा जन्मभराचा अनुभव. गावातल्या गावात पत्र कोण टाकतं?

२००८च्या डिसेंबरात त्यांनी साळूबाईच्या खाचराविषयी लिहिलं. साळूबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा तिच्या भावाने, गेणबाने, ओढ्याकाठचं खाचर तिला तोंडी दिलं. ती त्यात आंबेमोहोर पिकवायची, त्यावरच जगायची. गेणबा वारला, त्याचा मुलगा विश्राम बावधनला राहायला गेला. मामांनी लिहिलं होतं, "माहेरचं खाचर कागदावर आजही गेणबाच्या नावावर आहे. पण साळूबाईंनी ते तेहेतीस वर्षं पिकवलं, आणि विश्रामने कधी आत्याला हटकलं नाही. आमच्या खोऱ्यात शब्दाला सातबारा लागत नाही." मला ते इतकं आवडलं की मी दुकानात आलेल्यांना वाचून दाखवलं.

फेब्रुवारीत पांढऱ्या शर्टातला एक माणूस आला. त्याने स्वतःच ते पान उघडलं आणि प्रिंट मागितली. कागद मशीनमधून बाहेर येताना मी नाव पाहिलं आणि फुशारकीने म्हणाले, "हे आमचे एकनाथमामा!"

"माणूस हुशार आहे," तो म्हणाला, आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

रविवारी मी मामांना सांगितलं, लोक तुमचं छापून नेतायत. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी जाऊन पेढे आणले.

तो माणूस जमिनीचा एजंट होता. तो कागद घेऊन सरळ बावधनला, विश्रामकडे गेला. मे महिन्यात माहेरच्या खाचराभोवती तार पडली. साळूबाईने जाब विचारला तेव्हा विश्राम म्हणाला, "मला तरी कुटं ठावं हुतं आत्या, रान अजून आमच्या नावावर हाय म्हून? त्यानं कागुद दावला. एकनाथमामानंच लिवलंय."

दुसऱ्या दिवशी मामा आले. रविवार नव्हता, खांद्याला डाकेची थैली होती. माझ्याकडे न बघता बसले आणि सगळा ब्लॉग पुसून टाकला. खात्री आहे का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी विचारलं नाही. मला वाटलं, बरंच झालं, लाज तरी झाकली गेली.

आठवड्याभराने मामाच साळूबाईला घेऊन कचेरीत आले. विक्रीच्या नोंदीवर तिला हरकत घ्यायची होती. कारकुनाने विचारलं, आजी, हे तुम्ही पिकवत होता असं लिहिलेलं कुठे काही आहे का? सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलंच नव्हतं. तिला एकच कागद आठवला, विश्रामने सांगितलेला. ती तडक रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली, मागून मामा.

"एकनाथा, तुजा त्यो कागुद काड. त्यात लिवलंय न्हवं, तेहेतीस वर्सं म्या पिकवलं म्हून?"

तो कागद कचेरीत चालला असता का, मला माहीत नाही. छापलेला एजंटाकडे होता, तो कशाला देईल? मी तरीही ब्लॉगचा पत्ता टाकला. कोरं पान आलं. साळूबाईला अक्षर येत नव्हतं, पण कोरं पान तिला कळलं.

"हितं माज्या रानाचा फटू हुता ना?"

"होता," मी म्हणाले.

"मंग पुसला कुनी?"

मामांनी किती घरांत किती वाईट बातम्या न अडखळता वाचून दाखवल्या असतील. आता एक शब्द काढायला त्यांना खुर्चीची पाठ धरावी लागली.

"म्या."

साळूबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही.

"त्येनं रान नेलं," ती म्हणाली, "आन् कागुद तू."