पोटॅशच्या बरण्या आणि आमचे साडू

जगातली प्रत्येक वस्तू आधी पोटॅशमध्ये बुडवून बघावी आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवावा, असं मानणारा एकच माणूस परमेश्वराने घडवला आणि तो नेमका मला साडू म्हणून दिला. त्यांची सगळी नोकरी बॅटरीच्या प्रयोगशाळेत झाली. बॅटरीतली पावडर धातूच्या पट्टीला धरून राहावी म्हणून एक खळ लागते. तिला ते बाइंडर म्हणत. ती खळ दाहक पोटॅशमध्ये, म्हणजे बॅटरीतल्या जहाल क्षारात, वर्षानुवर्षं टिकते की विरघळते, एवढंच बघायचं त्यांचं काम. "पावडरीचं कौतुक सगळे करतात हो," ते म्हणत, "तिला धरून ठेवणारीला कोण विचारतो?"

हे काम घरीही यायचं. नारायण पेठेतल्या त्यांच्या गॅलरीत कुंड्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या बरण्या होत्या आणि प्रत्येकीत दोऱ्याने टांगलेला कशाचा तरी तुकडा. माझ्या नव्या रेनकोटाचा कोपरा त्यांनी न विचारता कापला आणि तीन महिन्यांनी गंभीरपणे कळवलं, "टाकून द्या. विरघळला."

"अहो, मी पावसात जातो, पोटॅशमध्ये नाही!"

"असं आत्ता वाटतंय तुम्हाला."

डबे घ्यायला गेले की दुकानदाराला विचारायचे, "क्षारात टिकेल का?" तो म्हणाला, "काका, पोहेच ठेवायचेत ना?" तर हे म्हणाले, "टिकला तर पोहेही ठेवू." घाईचा त्यांना तिटकारा. साहेबांनी भट्टीत तापवून महिन्याभरात निकाल मागितला, तेव्हा "तापवलेलं वर्ष मी वर्षात धरत नाही" म्हणून यांनी खरोखरच वर्ष काढलं.

त्यांच्या हाताखालच्या एका बाईंनी चार वर्षं खपून स्वतःची खळ तयार केली होती. साडूंनी ती लावलेली पट्टी दोऱ्याने पोटॅशमध्ये टांगली. एका सकाळी ती तळाशी पडलेली सापडली, तळाशी फिरणाऱ्या ढवळणीने पावडर पार खरवडून निघालेली. यांनी दोरा ओवलेली पट्टीची कडच खळ विरघळून सुटली असं धरलं आणि अहवालात लिहिलं, 'टिकली नाही.' काम बंद झालं. बाई हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागल्या.

निवृत्तीनंतर एकदा यांनी बायकोकडे दोरा मागितला. ताईंनी चकचकीत पॉलिस्टरचं रीळ दिलं. "सुती संपलाय. मागे लॅबमध्ये हाच तर नेला होतात."

साडू जागेवर थिजले. "मागे? कधी?"

त्यांनी नुसता तो दोरा वजन बांधून पोटॅशमध्ये सोडला. दीड महिन्यात तुटला. मग बाईंची जपून ठेवलेली एक जुनी पट्टी त्यांनी सुती दोऱ्याने टांगली आणि वर्षभर कोणाजवळ चकार शब्द काढला नाही.

परवा मीच त्यांना हिंजवडीला घेऊन गेलो. बाई फाटकाशी आल्या. साडूंनी खिशातून पट्टीचं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. "बाई, खळ चांगली होती. दोरा माझा चुकला."

"अहो सर, नऊ वर्षं झाली! मी विसरलेसुद्धा." बाई हसल्या. मग त्यांनी पट्टी उन्हात धरली, नखाने खरवडली. नख स्वच्छ निघालं. पुन्हा खरवडली. "किती दिवस होती?"

"एक वर्ष, अकरा दिवस."

गळ्यातलं ओळखपत्र मागे सारून त्या तिथेच कठड्यावर बसल्या. कंपन्यांच्या बसगाड्या भोंगे वाजवत होत्या. मग त्यांनी विचारलं, "सर, या खळीत पाणी किती घातलं होतं मी?"

साडूंनी आकडा सांगितला. "छे, त्याहून कमी," बाई म्हणाल्या. साडू शेजारी बसले. जेवणाची सुट्टी कधीच संपली होती, आणि ती दोघं कधीच न बनलेल्या एका बॅटरीवरून जोरजोरात वाद घालत होती.