काळ्या पडद्यावरचा नवरदेव

नव्व्याण्णव साली कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपात कॉम्प्युटर आला, त्याच आठवड्यात नणंदेला अमेरिकेतलं स्थळ आलं. मुलाने इंटरनेटवर स्वतःचं पान केलं होतं आणि त्यावर त्याचा फोटो होता. चेहरा पाहिल्याशिवाय होकार देणार नाही, असं नणंदेने बजावलं होतं. मुलाची साताऱ्याची आत्या पाच वाजता फोन करून उत्तर विचारणार होती. फोनची लाइन एकच, त्यामुळे पाचच्या आत फोटो पाहून इंटरनेट बंद करायला हवं होतं.

साडेचारला फोटो वरून खाली उतरू लागला. केस आले, कपाळ आलं, तेवढ्यात सासूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या.

"आगं, नवी मशीन हाय. आदी पूजा, मग पोराचं त्वांड!"

"आवं आई, चालू मशीनची पूजा करत्यात व्हय?" माझा नवरा म्हणाला.

"मग काय लेथ बंद करून पुजतूयास?"

बंद करूनच पुजतो, पण हे सांगायची कुणाची छाती नव्हती. पाच सवाष्णी जमल्या. सासूबाईंनी शिफ्टचं बटण निवडलं, कारण हळदीकुंकवाला तिथे जागा ऐसपैस. मग आम्ही चौघींनीही तिथेच बोट टेकवलं.

टुंग वाजलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. नवऱ्याने न वाचता एंटर मारला. सासूबाईंनी सांडलेलं कुंकू पदराने सगळ्या बटणांवरून पुसलं. पुन्हा टुंग, पुन्हा एंटर.

पान काळंकुट्ट झालं. पांढरी अक्षरं म्हशीएवढी. फोटो पुसला जाऊन पुन्हा पहिल्यापासून उतरू लागला.

शिफ्ट पाच वेळा दाबलं की अपंगांसाठीची सोय सुरू होते आणि मग एकेक करून दाबलेली बटणंही एकत्र धरली जातात, आणि पदराने पुसताना तशीच काही बटणं मिळून कमी दिसणाऱ्यांसाठीचा काळा पडदा लागला, हे आम्हाला पुढे महिन्याने कळलं. त्या क्षणी मात्र थोरल्या जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "कुंकू लय झालं."

पाचला पाच मिनिटं उरली. फोटोच्या जागी अजून रिकामीच चौकट आणि तिच्यात इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ होती. फोटो उघडला नाही तर वाचायला म्हणून मुलाने ती लिहून ठेवली असणार. नणंदेने मोठ्याने वाचली, "हा मी. मागे वाळत घातलेले कपडे माझे नाहीत."

ती खुर्चीवर कोसळून हसायला लागली. मग मी, मग जाऊबाई. लेथवरची माणसंसुद्धा काय झालं म्हणून बघायला आली.

"वहिनी, बंद करा इंटरनेट," नणंद डोळे पुसत म्हणाली.

"अजून कपाळसुद्धा आलं नाही!"

"करा हो."

मी बंद केलं. लगेच फोन वाजला. तिने स्वतः उचलला.

"आत्या, माझा होकार आहे," ती म्हणाली. "चेहरा? तो आला की बघते. त्याला म्हणावं, स्वतःचे कपडे घालून ये."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. हातावरचं कुंकू तिथेही लागलं आणि आम्ही परत सुरू झालो.