साक्षीदार क्रमांक चौदाची घोडवाट

साक्षीदार क्रमांक चौदा. एनिड प्रॉसर, स्त्री, वय त्र्याहत्तर, राहणार हेरफर्डशर, इंग्लंड. व्यवसाय: टपालवाटप, निवृत्त. वाहन: घोडा, सध्याचा एक, तपकिरी, नाव बिस्किट. सदर वाटेचा घोड्यावरून वापर: सव्वीस वर्षे, अखंड.

सदर वाट म्हणजे गॉफच्या शेताच्या कडेनं माळावर जाणारी घोडवाट. म्हाताऱ्या गॉफनं शेत विकलं, नव्या मालकानं फाटकाला कुलूप घातलं आणि माळावर जायला उरला तो मोठा रस्ता. सव्वा मैल. पहिल्याच महिन्यात तिथं एक व्हॅन एनिडच्या रिकिबीला घासून गेली. गाडीवाला जरा हळू झाला की घोडेस्वारानं हात वर करून आभार मानायचे, अशी तिकडची रीत आहे. ही व्हॅन हळू झालीच नव्हती. एनिडनं सवयीनं तिचेही मानले. बिस्किट मात्र त्यानंतर इंजिनाच्या आवाजालाच थरथरू लागला. वाट उघडली नाही तर त्याला बाहेर काढणं संपलं, हे एनिडला कळून चुकलं.

कायद्याची अट सोपी होती. वीस वर्षं लोक कुणाला न विचारता जात असतील, तर वाट सर्वांची. विचारून जात असतील, तर ती मालकाची मेहेरबानी. थोडक्यात, उद्धटांना हक्क आणि सभ्यांना कुलूप.

वाट सर्वांची म्हणून नोंदवून घेण्याच्या अर्जाच्या खटपटीत पुढे असलेल्या, गावातल्या रोझलिननं एनिडचा फॉर्म वाचला आणि चष्मा काढला.

"हे काय लिहिलंयस? परवानगी मागत होतीस?"

"दर वेळी."

"सव्वीस वर्षं? कशाला गं बाई?"

"दुसऱ्याच्या शेतातून जायचं, तर विचारायला नको?"

बाकीच्यांचे फॉर्म आठ-दहा वर्षांचे होते. सगळी भिस्त एनिडवर. तो प्रश्न कोरा सोड, असं रोझलिननं तिला दोनदा सुचवलं. एनिडनं सोडला नाही. घरी जाऊन ती तबेल्यात बराच वेळ बिस्किटला खरारा करत बसली.

गावच्या सभागृहात चौकशी झाली. नव्या मालकाच्या वकिलानं तो फॉर्म मोठ्या प्रेमानं वाचून दाखवला. मग अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या गॉफला त्याच्या लेकीनं धरून खुर्चीत बसवलं.

"मिसेस प्रॉसर 'जाऊ का?' म्हणून विचारायच्या," चौकशी अधिकारी म्हणाला. "तुम्ही काय म्हणायचात?"

"काही नाही. हात वर करायचो."

"म्हणजे परवानगी द्यायचात."

गॉफनं एनिडकडे बोट दाखवलं. "रस्त्यावर गाडीवाल्यांना ही दिवसभर हात वर करत असते. ती काय त्यांना परवानगी देते?" मग म्हणाला, "वाट माझ्या आजोबांच्याही आधीची आहे. माझी नव्हतीच, तर देऊ काय?"

एनिड खाली मान घालून हातमोज्यांशी चाळा करत राहिली. सव्वीस वर्षं आपण नको त्या माणसाला विचारत होतो, हे तिला नव्यानंच कळत होतं.

निकाल यायला तीन वर्षं लागली. सदर वाट घोडवाट म्हणून नोंदवण्यात येत असून साक्षीदार क्रमांक चौदा व सर्व जनतेस तीवरून अश्वारूढ होऊन जाण्याचा हक्क कायमस्वरूपी प्राप्त आहे.

बिस्किट आता एकतीस वर्षांचा आहे आणि त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. एनिड त्याला दोरीनं धरून त्या वाटेनं चालत नेते.