चार पायांचा लॅपटॉप

लॅपटॉपला दात नसतात, ही गोष्ट मला दुकानात गेल्यावर कळली.

त्याआधी माझी समजूत अशी होती की बाजारातून घरी आणायची कुठलीही वस्तू मला कळते. का कळू नये? आमच्या मंठाळ गावाच्या आसपास कुणाला बैल घ्यायचा असला की माणूस आधी माझ्या दारात येतो. मी जनावराचं तोंड उघडतो, दात बघतो, पाठीवर थाप मारतो, चार पावलं चालवून बघतो आणि सांगतो, "घे," नाहीतर "सोड." शाळेचं म्हणाल तर दुसरीत असताना माझं आणि मास्तरचं पटलं नाही, म्हणून मी मास्तरला सोडलं. पण बैलात मी कधी फसलो नाही. (एकदा फसलो होतो. पण त्यात माझी चूक नव्हती, तो बैलच लबाड होता!)

तर आमची नात भाग्यश्री, म्हणजे घरची भागू, कलबुर्गीला विद्यापीठात एम.एस्सी.ला लागली. आमच्या घरातून तिथवर पोचलेली पहिलीच. हॉस्टेलवर राहायला गेली आणि आठवड्यातच तिचा फोन आला.

"आप्पा, मला लॅपटॉप लागायलाय. सोमवारी सगळ्या वर्गापुढं उभं राहून सेमिनार द्यायचंय. पहिला नंबर माझाच हाय. लॅपटॉप न्हाई तर उभं राहून काय दाखवू?"

तिचा बाप बिदरजवळ कोळारच्या कारखान्यात कामाला. त्याला सुट्टी मिळेना.

"मी एकटी जाऊन घेते की," भागू म्हणाली. "मला कसला पाहिजे ते ठरलंय माझं."

"एकटी? कामून? मी मेलोय का?"

"तसं न्हाई आप्पा, पण तुम्हाला लॅपटॉपमधलं..."

"ह्या घरात आजवर दावणीला जे आलं ते माझ्या हातानं आलं. शुक्रवारी येतो. माझ्याशिवाय दुकानाची पायरी चढायची न्हाई!"

शुक्रवारी सकाळची एसटी धरली. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर टॉवेल. स्टँडवर भागू उभीच होती. माझ्याकडं बघून तिनं एक उसासा सोडला. मला वाटलं, आजोबा आल्याचं समाधान असेल.

दुकानात गार हवा आणि टेबलावर लॅपटॉप ओळीनं मांडलेले, अगदी बाजारात खुंट्याला बांधल्यासारखे. मी आत शिरलो आणि पहिल्याचं तोंड उघडलं. दात नाहीत! नुसती बटणं. मग झाकण मिटलं आणि पाठीवर एक सणसणीत थाप दिली.

दुकानदार पळत आला. "नक्को चाचा! मारो नक्को!"

"मारत न्हाई. बघायलोय."

"आँखाँ से देखो ना चाचा!"

भागूनं एक पातळसा लॅपटॉप आधीच हेरून ठेवला होता. वहीएवढा. तिनं तो एका हातानं उचलून दाखवला.

"आप्पा, ह्यो बघा. हलका हाय. मला रोज हॉस्टेलवरनं वर्गात पाठीवर न्यायचाय."

मी तो हातात घेतला आणि मला त्याची दयाच आली. बरगड्या मोजाव्यात असली अंगलट. "पोरी, एका हातानं उचलतंय ते काय जनावर हाय? वाऱ्यानं उडंल हे."

कोपऱ्यात मात्र एक होता. काळाभोर, रुंद पाठीचा, अंगावर लाल-निळे-हिरवे दिवे पळणारा. दोन्ही हातांनी उचलावा लागला. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं.

"आप्पा, तो गेम खेळणाऱ्या पोरांचा हाय," भागू हळूच म्हणाली.

"म्हणजे पैलवानच की!" मी दुकानदाराकडं वळलो. "चालवून दाखव."

त्यानं बटण दाबलं. "हौ चाचा, चालू हुआ."

"असं मोकळं न्हाई. ओझं घालून चालव."

दुकानदार भला माणूस. त्यानं कुठलीतरी मोटारींची शर्यत लावली. थोड्याच वेळात लॅपटॉप घुमायला लागला. मी बाजूला हात धरला तर भसाभस गरम वाफ! मी दचकलो. ज्याचा श्वास असा तापलेला, ते जनावर आजारी, हे आमच्याकडं लेकरालाही कळतं.

"ह्याला ताप हाय!" मी ओरडलो.

"ताप नै चाचा, अंदर पंखा है!"

पंखा! कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पोरगी अभ्यासाला बसणार आणि हे गुणी जनावर स्वतःचा पंखा घेऊन येणार! माझं ठरलं. भागूनं बॅटरी का काय लवकर संपते म्हणून सांगून बघितलं. मी म्हणलं, कामाचं जनावर वैरण जास्त खाणारच.

"आप्पा, एकदा माझं ऐका..."

"तुझ्या जन्माच्या आधीपासनं बाजार करायलोय मी!"

आता भावाचं. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात आणि बोटं बोटांशी बोलतात, म्हणजे बघ्यांना पत्ता लागत नाही. मी खांद्यावरचा टॉवेल काउंटरवर पसरला आणि त्याखाली दुकानदाराचा हात धरला. त्याचा चेहराच उतरला.

"चाचा, क्या कर रै आप?"

मी त्याची दोन बोटं दाबली. तो भागूकडं बघायला लागला. मी आणखी एक दाबलं.

"बेटी, इनकू क्या हुआ?"

बेटी केव्हाच दुकानाबाहेर जाऊन रस्त्यावरच्या रिक्षा निरखत उभी होती. दुकानात आलेली इतर गिऱ्हाइकं आमच्याभोवती जमली. कुणीतरी म्हणालं, म्हातारा हात बघून भविष्य सांगतोय, माझाही बघा. शेवटी दुकानदारानं जोराचा हिसका देऊन हात सोडवला. आमच्यात हिसका दिला म्हणजे सौदा मोडला! मी पटका सावरून निघालो.

"बैठो चाचा, बैठो! बॅग फ्री में देतूं!"

झालं, सौदा जमला. (भाव एक पैसा उतरला नाही. पण बैलाबरोबर झूल फुकट मिळवली, हे काय कमी आहे?)

निघताना मी हमी विचारली. बैल देणारा सांगतो, मारका नाही, कामात बसका नाही, न पटला तर परत आणा. दुकानदारही म्हणाला, "एक साल की वॉरंटी है चाचा. कुछ भी हुआ तो लाओ. बस, पानी नक्को. पानी गया तो वॉरंटी खतम."

"पाणी पाजायचं न्हाई. कळलं."

इथं ते प्रकरण संपायला हवं होतं. भागू म्हणालीच, "आप्पा, मी आता इथनंच हॉस्टेलवर जाते. सोमवारची तयारी करायचीय."

पण नवं जनावर घरचा उंबरा न बघता परभारे कामाला जुंपायचं? मी साफ सांगितलं, "आधी घरला. मग तू आणि तुझं विद्यापीठ." एसटीत लॅपटॉप माझ्या मांडीवर. वाटेत जो विचारील त्याला आणि जो विचारणार नाही त्यालाही सांगत आलो, "नातीला घेतलाय. आत पंखा हाय!"

ऊन उतरायच्या आत आम्ही दारात पोचलो. आमची मंडळी, सोजरबाई, उंबऱ्यात उभीच होती. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात हळदी-कुंकवाचं ताट, ताटात भाकरीचा तुकडा. आमच्याकडं नवा बैल दारात आला की घरची बाई त्याच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, घास देते आणि मगच तो आत येतो. फोनवर मीच तसं सांगून ठेवलं होतं. गल्ली गोळा झाली होती. भागू बिचारी शेजारच्या अक्काच्या पाया पडायला तेवढ्यात पलीकडच्या घरात गेली.

मी लॅपटॉप पाटावर ठेवला आणि दुकानदारानं दाखवलेलं बटण दाबलं. दिवे पळायला लागले. गल्ली "ओ हो हो" म्हणाली. सोजरनं बटणांवर हळद-कुंकू वाहिलं, अगदी चिमटी सोडून. मग तांब्या उचलला आणि थांबली.

"अवं, ह्याचे पाय कुठायत?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता बैल पारखणाऱ्यानं पाय कुठायत ते सांगू नये? मी लॅपटॉप उचलला, झाकण मिटलं आणि उलटा केला. आणि काय सांगू! खाली चार कोपऱ्यांना रबराचे चार गुटगुटीत पाय!

"हे बघ! चार हायत की!" मी छाती काढून म्हणलं. "घाल पाणी."

"आत जायचं न्हाई ना वं?"

"दुकानदार म्हणला, पाजू नका. पाय धुवू नका म्हणला न्हाई. घाल!"

सोजरनं घातलं. मोजकं नाही, बैलाला घालतात तसं, मनापासून! चारही पाय धुऊन पाणी मधल्या जाळीतून शांतपणे आत निघून गेलं. लॅपटॉपनं एकदा "ट्यूं" केलं. दिवे एकदम भडकले. मग एकेक करून विझले.

"डोळे मिटले जणू त्यानं," मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात भागू आली. तिनं तांब्या बघितला. पाट बघितला. पालथा पडलेला लॅपटॉप बघितला. मग अशी किंचाळली की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. (हे लिहून घेणारी भागूच आहे. ती म्हणते, म्हैस पळाली नव्हती. मी म्हणतो, पळाली होती. सांगणारा मी आहे!)

"आप्पा! पाणी घातलं?"

"पायावर घातलंय. तोंडात न्हाई."

ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी काढायला लागली. आणि मग मात्र माझी मिशी खाली आली. पोरगी सोमवारी वर्गापुढं रिकाम्या हातानं उभी राहणार होती, आणि ती माझ्यामुळं.

दुकानदाराला फोन लावला. मी आवाज जरा नरम ठेवला. "पाणी नव्हं बाबा, पूजा झाली."

त्यानं 'पूजा?' असं दोनदा विचारून घेतलं. मग तो म्हणाला, "चाचा, बंद रखो, उलटा रखो, सुखाओ. चालू करो नक्को. और चाचा... अब हात भी लगाओ नक्को."

शनिवार उजाडला. लॅपटॉप माळवदावर सावलीत पालथा, शेजारी मी सूप घेऊन वारा घालायला. सबंध दिवस जागचा हललो नाही. भागू खाली बसून वहीवर भाषण लिहीत होती आणि माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. माणसं मात्र यायला लागली, जनावर आजारी पडल्यावर येतात तशी.

"कसं काय झालं, अण्णा?"

"पाय धुताना."

"हळद लावा."

"लावलीय. त्यानंच वाढलंय."

एकानं डाग देऊन बघा म्हणून सांगितलं. म्हणजे विळा तापवून चटका! सोजर खालून ओरडली, "तुमालाच देते डाग, व्हा खाली!" थोड्या वेळानं ती वर आली ती चहा घेऊन. "कामून एवढा हट्ट करायचा वं माणसानं? पोरगी हलका घेत व्हती, तो घ्यायचा की."

"हलका असता तर पाण्यानं वाहून गेला असता," मी म्हणलं. पण आवाजात दम नव्हता.

रविवारी सकाळी भागूनं लॅपटॉप खाली आणला, खोक्यातली वायर जोडली. ती वायर नव्हतीच, विटेएवढा ठोकळा होता तिच्या मधे. गल्ली पुन्हा दारात. सोजरनं डोळे मिटले. मी वाकून अगदी जवळ तोंड नेलं, श्वास लागतोय का बघायला.

भागूनं बटण दाबलं. काही नाही.

पुन्हा दाबलं. आधी एक लाल दिवा आला. मग निळा. मग आत कुठंतरी घुर्र झालं, पंखा फिरला, आणि दोन दिवस पोटात अडकलेलं सगळं हळद-कुंकू त्या बाजूच्या जाळीतून फस्सकन बाहेर आलं, थेट माझ्या तोंडावर! मिशी पिवळी, पटका लाल, नाकात कुंकू. मी शिंकत बसलो आणि गल्ली हसून हसून लोळली. आणि भागू? दोन दिवस गप्प असलेली पोरगी पोट धरून हसत होती. मी मनात म्हणलं, आणखी पावशेर कुंकू गेलं असतं तरी चाललं असतं!

सोमवारी दुपारी तिचा फोन आला.

"आप्पा, सेमिनार झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"बघ! मी म्हणलं नव्हतं, कामाचं जनावर हाय?"

"पण मधेच पंखा सुटला आणि राहिलेलं कुंकू आमच्या सरांच्या पांढऱ्या शर्टावर उडालं."

"मग? काय म्हणले?"

"म्हणले, 'हा तुला कुणी घेऊन दिला?' मी म्हणलं, 'आजोबांनी.' तर म्हणले, 'तरीच आशीर्वाद आत भरून दिलाय.'"

लॅपटॉप अजून चालतो. भागू सुट्टीला येते तेव्हा एका खांद्यानं वाकडी होऊन येते, आणि वायर काढली की तो अर्ध्या तासात मान टाकतो, म्हणून सदा दाव्याला बांधूनच ठेवावा लागतो. ती खांदा चोळते, मी दुसरीकडं बघतो.

घरात मात्र तेव्हापासून एक नियम झालाय. नवी वस्तू येणार असली की मला आधीच काहीतरी काम काढून शेताकडं पिटाळतात. परवा तसंच पाठवलं. संध्याकाळी परत येऊन बघतो तर स्वयंपाकघरात नवाकोरा फ्रिज! सोजर म्हणाली, "बघा लांबनंच." मी म्हणलं, "व्हय, व्हय. मला काय करायचंय?"

ती चुलीकडं वळली तशी मी हळूच वाकून खाली बघितलं.

त्यालाही चार पाय आहेत! आणि खरं सांगतो, लाज गुंडाळून ठेवून सांगतो, माझा हात तांब्याकडं गेलाच होता. पण तांब्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली सोजरच्या कमरेला!